रविवारचा पाऊस

संपादकांनी "नोकरीतल्या गमतीजमती लिहा" असं सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो. गमती आहेतही. पण लिहायला बसलं की प्रत्येक गमतीच्या शेजारी दुसरंच काहीतरी येऊन बसतं, आणि ते वगळून नुसती गंमत लिहिली तर पुन्हा खोटं लिहिल्यासारखं होईल. म्हणून दोन्ही लिहितो. वय शहाऐंशी आहे. पुढचं-मागचं थोडं इकडेतिकडे होईल. एक गोष्ट मात्र चुकणार नाही, कारण ती मी इतकी वर्षं मनात घोकत आलो आहे.

मी पाऊस मोजायचो. कर्जत आणि खालापूर यांच्यामध्ये एका सरकारी बंगल्याच्या आवारात पर्जन्यमापक होता. गावाचं नाव लिहीत नाही, इकडच्या लोकांना कळेल. बाकी वेळ मी त्या कार्यालयात कारकून होतो, पण गावात माझी ओळख 'पावसाचे भाऊसाहेब' अशीच. रस्त्यात कोणी भेटलं की विचारायचं, "काय भाऊसाहेब, आज किती पाडलात?" जणू मीच नळ सोडत होतो.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. यंत्र म्हणण्यासारखं त्यात काही नसतं. जमिनीत पक्का बसवलेला जस्ताचा डबा, त्यावर नरसाळं, आत एक बाटली. नरसाळ्यात पडलेला पाऊस बाटलीत जमतो. रोज सकाळी साडेआठ वाजता बाटली काढायची, पाणी काचेच्या मोजपेल्यात ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेला आणायचा आणि आकडा वहीत लिहायचा. मी लागलो तेव्हा इंच आणि सेंट, म्हणजे इंचाचे शंभर भाग, होते, पुढे मिलिमीटर आले. पाऊस जोराचा असेल तर बाटली भरून पाणी बाहेरच्या डब्यात उतरतं. तोही भरला की वाहून जातं, आणि वाहून गेलेलं पाणी कोणालाच मोजता येत नाही. म्हणून नियम असा की मुसळधार पावसात दिवसातून तीन-चार वेळा जाऊन बाटली रिकामी करायची आणि सगळ्याची बेरीज दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायची. भिजायचं काम होतं, अवघड नव्हतं.

मला त्या डब्याचा अभिमान होता. आजूबाजूचं गवत मी स्वतः कापायचो. जवळच्या आंब्याची फांदी नरसाळ्याच्या दिशेने वाढायला लागली तेव्हा वरिष्ठांना अर्ज करून ती तोडून घेतली. एकदा फेब्रुवारीत, आकाश कोरडं ठणठणीत असताना, बाटलीत चांगलं बोटभर पाणी निघालं. वास घेतला तर दंतमंजन! बंगल्यावर उतरलेल्या एका साहेबांनी सकाळी त्यात चूळ भरली होती. मी वहीत शून्य लिहिलं आणि शेरा मारला, 'पाणी पावसाचे नाही.' हा शेरा आमच्या कार्यालयात वर्षभर गाजला.

दुसरा किस्सा एका रस्त्याच्या ठेकेदाराचा. त्याचा मुरूम पहिल्याच पावसाळ्यात वाहून गेला होता. तो येऊन खुर्चीत बसला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, त्या आठवड्यात पाऊस लय व्हता ना?"

"बेताचा होता."

"तुमच्या पेनात जरा जास्त असंल."

"पेनात शाई असते, पाऊस नसतो," मी म्हणालो. तो रागावून गेला. ही गोष्टही गावभर झाली. त्या दिवसापासून 'भाऊसाहेबांच्या वहीतला आकडा' म्हणजे दगडावरची रेघ, असं लोक म्हणायला लागले. पुढे जे झालं त्यात या नावलौकिकाचा मोठा हात आहे, म्हणून हे सांगितलं.

आता रविवार.

माझ्या आधी हे काम करणारे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं, "हे बघ, रविवारी आपण पण माणूसच असतो. सोमवारी बाटलीत जे निघेल ते दोन दिवसांत वाटून टाकायचं. मात्र अर्धं-अर्धं नको करूस, कोणाच्याही लक्षात येईल. एका दिवशी थोडं जास्त, एका दिवशी थोडं कमी."

"आणि पाणी डब्याच्या बाहेर गेलं असेल तर?"

"तर लाल शाईने 'ओसंडले' असं लिहायचं, हा नियम आहे," ते म्हणाले. "पण ते लिहिलंस की वरून विचारणा होणार, तू कुठे होतास? त्यापेक्षा मावलं तेवढं लिही. जे गेलं ते गेलं."

मला हे वावगं वाटलं नाही. खरंच सांगतो, वाटलं नाही. ठेकेदाराला हाकलणारा मीच आणि दर सोमवारी पाऊस वाटून लिहिणाराही मीच, आणि या दोन माणसांची माझ्या डोक्यात कधी गाठच पडली नाही. मी कोणाचा पैसा घेत नव्हतो. घेतला असता तर निदान खोटेपणाला काही कारण तरी सांगता आलं असतं.

साठच्या दशकाच्या शेवटी-शेवटी एका जुलैमध्ये माझ्या मेव्हण्याला मोहोपाड्याला कारखान्यात नोकरी लागली आणि कॉलनीत खोली मिळाली. रविवारी जेवायला बोलावलं होतं. मी शनिवारी दुपारी गेलो. शनिवारी संध्याकाळी सुरू झालेला पाऊस रविवारभर थांबला नाही. पत्र्यावर इतका आवाज की पंगतीत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मेव्हणा हसत म्हणाला, "दाजी, तुमचा डबा भरला असंल हो!" मीही हसलो आणि पुन्हा भात घेतला. सोमवारी रस्ते बंद होते. मी दुपारी चालत, पाण्यातून वाट काढत पोचलो.

बाटली भरलेली. डबा काठोकाठ. नरसाळ्याच्या तळाशी पाणी उभं होतं. किती वाहून गेलं असेल? तेवढंच आणखी? दुप्पट? मला माहीत नाही. त्या दिवशीही नव्हतं आणि आजही नाही.

लाल शाईची दौत टेबलावर होती. मी निळी घेतली. जे मावलं होतं ते मोजलं, दोन दिवसांत वाटलं, आणि दशांश चिन्हाच्या पुढे असे अंक टाकले की ते खरे वाटावेत. अक्षर माझं फार सुरेख होतं.

ओढ्याकाठी बौद्धवाडी होती. त्या रविवारी तिथे गुडघाभर पाणी शिरलं आणि दोन-तीन तासांत उतरलं. वाडीतले धोंडीबाबा बंगल्यावर बागकामाला यायचे. ते म्हणाले, "पानी आलं तसं गेलं, भाऊसाहेब. वढ्याला वाट हाय, त्यो जातो निघून." त्यांनी आपल्या दाराच्या चौकटीला पाण्याच्या उंचीवर एक खिळा ठोकला होता. मला तो कौतुकाने दाखवला. "तुमची वही कागदाची, आमची लाकडाची," म्हणाले. मी हसलो. काय करणार?

चार-पाच वर्षांनी वाडीच्या खालच्या अंगाला भराव टाकून नवा रस्ता करायचं ठरलं. ओढा अडू नये म्हणून रस्त्याखाली मोरी ठेवतात. मोरी किती मोठी ठेवायची हे त्या भागात एका दिवसात जास्तीत जास्त किती पाऊस पडला आहे यावर ठरतं. एके दिवशी तरुण इंजिनिअर माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, तुमच्या वहीतला सर्वांत मोठा दिवस काढून द्या."

मी वही चाळली. सर्वांत मोठा दिवस कोणता हे मला ठाऊक होतं, आणि तो वहीत नव्हता. वहीत त्या जागी दोन मध्यम दिवस होते. मी एका वेगळ्याच वर्षातला, साध्या बुधवारचा आकडा स्वच्छ अक्षरात कागदावर लिहून दिला. त्यांनी आभार मानले. मोरीत दोनच नळ बसले.

तेव्हा मला कळत होतं का? हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला आहे. कधी वाटतं, कळत होतं आणि मी घाबरलो. कधी वाटतं, इतक्या वर्षांत त्या वहीवर माझाच विश्वास बसला होता. दोन्ही उत्तरं मला तितकीच खरी वाटतात, यातून पुढे जाता येत नाही.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला पुन्हा तसाच पाऊस झाला. या वेळी वार गुरुवार होता. मी जागेवर होतो, पाच वेळा जाऊन बाटली रिकामी केली, भिजून ताप आला, आणि पूर्ण आकडा लिहिला. माझ्या सगळ्या नोकरीतला तो सर्वांत प्रामाणिक आकडा, आणि पुढे चौकशीत त्यानेच घात केला. भरावामागे पाणी तुंबलं आणि वाडीत छातीपर्यंत चढलं. उतरायला दीड दिवस लागला. भिंती पडल्या, जनावरं गेली. धोंडीबाबांची आजारी बायको देवळाच्या कट्ट्यावर ओल्या गोधडीत दीड दिवस पडून होती, ती महिन्याभरात गेली. पाण्याने गेली की दुखण्याने, हे मला ठरवता येत नाही.

चौकशी बसली. शाळेच्या पडवीत टेबल टाकून अधिकारी बसले, वाडीतले लोक समोर जमिनीवर, मी बाजूला वह्या घेऊन. धोंडीबाबा उभे राहिले. त्यांची नवी सून सुमन दारापाशी उभी होती.

"सायेब, पाऊस दोषी नाय. रस्ता दोषी हाय," बाबा म्हणाले. "आसाच पाऊस धा वर्सामागं झाला व्हता. तवा गुडघ्याएवढं पानी आलं न् गेलं. आता तुमी वढ्याच्या तोंडावर बसलाव."

"असाच पाऊस? नक्की?"

"रविवार व्हता. ह्ये भाऊसाहेब हायेत की. इचारा."

अधिकारी माझ्याकडे वळले. "वही काय म्हणते?"

मी पान काढलं. वाचलं. शनिवार ते रविवार इतके, रविवार ते सोमवार इतके. गुरुवारच्या आकड्यापुढे दोन्ही अगदीच किरकोळ.

"बाबा, वहीत तर तसं काही नाही," अधिकारी सौम्यपणे म्हणाले. "आणि यांची वही चुकत नाही, हे सगळा तालुका सांगतो."

धोंडीबाबा माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं. "मंग आमी काय सपान बघितलं व्हय रं?" ते म्हणाले. भाऊसाहेब म्हणाले नाहीत, रं म्हणाले. कोणीतरी हसलं. बाबांनी चौकटीच्या खिळ्याची गोष्ट काढली, तर अधिकारी म्हणाले, खिळा कोणी कधीही ठोकू शकतो. अहवालात 'अभूतपूर्व पाऊस' असं लिहिलं गेलं. पाऊस अभूतपूर्व ठरला म्हणजे रस्ता निर्दोष. मोरी होती तेवढीच राहिली.

त्यानंतर धोंडीबाबा बंगल्यावर कामाला आले नाहीत. पुढे कधी दिसले तर वाट सोडून उभे राहायचे. पाच-सहा वर्षांनी वारले. वाडीतल्या लोकांनी कोणाची वाट न बघता दर डागडुजीला जोतं एकेक पायरी उंच केलं. आज तिथल्या घरांना रस्त्यावरून बघितलं तर वाटतं, सगळी टाचा उंचावून उभी आहेत.

मी निवृत्त झालो. पाऊस मोजायचं ते केंद्र बंद झालं, बंगलाही पडला. हे सगळं माझ्याबरोबर संपेल, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी एक मुलगी घर शोधत आली. पुण्याला पावसाचा अभ्यास करते. लॅपटॉपमध्ये माझ्या वह्या, मी लिहिलेला प्रत्येक दिवस! चहा घेता घेता तिने विचारलं, "आजोबा, एक गंमत विचारू? तुमच्या काळात रविवारी कधीच मोठा पाऊस कसा पडला नाही?"

मी पाणी प्यायलो. मग तिला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं, तेही अनोळखी पोरीला.

ती रागावली नाही. तिने सावकाश समजावलं की आता हवा तापते आहे, पाऊस दडी मारतो आणि मग एकदम कोसळतो, शहरांना नाले, मोऱ्या, पूररेषा सगळं नव्याने आखावं लागणार आहे, आणि त्यासाठी पूर्वी किती कोसळायचा हे आधी कळावं लागतं.

"म्हणजे माझ्या वहीमुळे जुना पाऊस सभ्य दिसतो," मी म्हणालो. "आणि आजचा उगाच जास्त दांडगा."

"तुमचं केंद्र बाजूला काढलं तरी पाऊस बदललेला दिसतोच, आजोबा. बाकीची पुष्कळ केंद्रं आहेत."

हे ऐकून बरं वाटावं की वाईट, ते मला अजून समजलेलं नाही. पाऊस बदलला हे मला अंगाने कळतं. आता आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी ऊन पडतं, आणि भात कापायला आला की झोडपून काढतो. पण माझं अंग साक्षीला उभं केलं तर ते म्हणतं, तो रविवारही काही कमी नव्हता. मग बदलला कोण? बदलला, हे नक्की. किती बदलला, हे निदान आमच्या गावापुरतं तरी माझ्या मोजपेल्यातून सांडून गेलं आहे. मुलीने यादी दिली, म्हणाली, खोटे दिवस तेवढे खुणा करून द्या. मी महिनाभर बसलो. खोटे कोणते आणि खरे कोणते, मलाच ओळखता येईनात. इतकं सारखं अक्षर!

त्या पहिल्या भेटीत जाताना ती सहज बोलून गेली की आमच्या गावची आता नगरपंचायत झाल्यामुळे तो भरावाचा रस्ता रुंद व्हायचा आहे, नवी मोरी बांधायची आहे, आणि आराखड्यासाठी जुने आकडे मागवले आहेत. आकडे म्हणजे माझेच.

दुसऱ्या दिवशी मी वाडीत गेलो. धोंडीबाबांची सून सुमनबाई आता नगरसेविका आहेत. त्यांच्या पाच पायऱ्या चढताना मला दोनदा थांबावं लागलं. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं.  शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"हे मामंजींसमोर का नाय बोललात, काका?"

"भीती वाटली."

"कुनाची?"

मला आठवेना. खरंच आठवेना. तो अधिकारी कधीच वारला होता, नोकरी कधीच संपली होती. 

"मामंजी शेवटच्या दुखण्यात इचारायचे मला," त्या म्हणाल्या. "सुमन, त्यो रविवार व्हता का गं? मी म्हनायचे, मी तवा लगीन होऊन आलेच नव्हते, मला काय ठावं?" मग उठल्या. "माज्यापाशी रडून काय उपेग? मंगळवारी मीटिंग हाय. तितं बोला."

मंगळवारी गेलो. सगळ्या हकीकतीचा कागद नातीकडून टाइप करून घेतला होता. सभेत मोरीचा विषय आला. नवे इंजिनिअर पडद्यावर माझाच बुधवारचा आकडा दाखवत होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो की हा आकडा सर्वांत मोठ्या दिवसाचा नाही, त्याहून मोठा दिवस मी वहीतून घालवला आहे. सभेत कुजबुज झाली. कोणी म्हणालं, "म्हातारं बरळतंय." इंजिनिअरांनी मात्र कागद नीट वाचला.

"आजोबा, मग त्या दिवसाचा खरा आकडा किती?"

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"अंदाज करूनच तर हे झालं," मी म्हणालो.

इतिवृत्त लिहिणारा लिपिक पेन थांबवून बसला होता. "म्याडम, किती मिलिमीटर लिहू?"

"माहीत नाही, असं लिही," सुमनबाई म्हणाल्या.

"तसं लिहिता येत नाय, म्याडम. रकाना हाय."

"लिही रं. रकान्याच्या भाएर लिही."

त्याने लिहिलं. मग इंजिनिअर म्हणाले, आकडा नसेल तर पाणी प्रत्यक्ष कुठवर चढलं होतं ते जागेवर जाऊन मोजावं लागेल, वाडीतल्या जुन्या माणसांना विचारावं लागेल, आणि पुढचा पाऊस याहून मोठा येणार असं धरून चालावं लागेल. त्यासाठी आराखडा परत पाठवावा लागेल. सभेतल्या काहींनी घड्याळाकडे बघितलं.

बाहेर आल्यावर मी सुमनबाईंना हात जोडले. मला वाटलं होतं, आता त्या काहीतरी म्हणतील. "झालं गेलं" असं काहीतरी. त्या चप्पल घालत होत्या.

"पुढच्या मीटिंगलाबी या, काका," त्या म्हणाल्या. "हितं कागद गहाळ व्हत्यात. मानूस समोर बसला की गहाळ करता येत नाय."

"किती दिवस यायचं?"

"मोरी व्हईपत्तोर."

तेव्हापासून चार सभा झाल्या. मी चारही वेळा गेलो. तिसरीच्या दिवशी पाऊस होता, रिक्षा मिळेना, तर वाडीतल्या एकाने मला टेंपोत पुढे बसवून नेलं. मोरीचा विषय अजून पटलावर आलेला नाही. मी मागच्या खुर्चीवर बसतो. सुमनबाई आत आल्या की आधी मागे वळून बघतात, मी आहे की नाही ते.